विजया, व्रत आणि न संपणारी आपत्ती

भारतीय धर्मविचारात अन्न पचणे ही निव्वळ शरीरक्रिया कधीच मानली गेली नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःला प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचवणारा वैश्वानर, म्हणजेच जठराग्नी, म्हणवतात. ज्ञानेश्वरांनी त्या श्लोकाचे विवरण करताना पोटात पेटलेली आगटी आणि तिला रात्रंदिवस फुंकणारा प्राणापानांचा भाता उभा केला आहे. आणि समर्थ रामदासांच्या नावे मराठी घरांत जेवणापूर्वी म्हटला जाणारा श्लोक तर जेवणालाच यज्ञाची प्रतिष्ठा देतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ज्या ग्रहणीरोगाला स्वतंत्र अध्याय मिळाला आहे, त्यातील ग्रहणी हा अवयव अग्नीचे अधिष्ठान, म्हणजे अन्न धरून ठेवणारी आणि पचल्यावरच पुढे सोडणारी जागा, असा सांगितला आहे. आधुनिक वैद्यकाच्या भाषेत क्रोन्स डिसीज (आतड्याच्या भिंतीला संपूर्ण जाडीपर्यंत येणारी दाहक सूज), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तरावरील व्रण) आणि इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (दृश्य इजा नसतानाही आतड्याच्या हालचाली आणि संवेदना बिघडणे) या तिन्ही व्याधी ग्रहणीशी तंतोतंत जुळत नाहीत. पण तिघींचे दीर्घकालीन स्वरूप, जुलाब, कळा आणि अन्नाविषयी बसलेली धास्ती ही लक्षणे त्या जुन्या वर्णनाच्या पुष्कळ जवळ जातात. अशा रोग्याला भांगेपासून बनवलेले औषध सुचवले जाते आणि तो रोगी जर नशा वर्ज्य करण्याचे व्रत घेतलेला असेल, तर व्रतभंग नेमका कशात आहे, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा ठरतो.

हा प्रश्न नवी मुंबईत जितक्या स्पष्टपणे मांडता येतो तितका फार थोड्या शहरांत येत असेल. सिडकोने १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभारले. त्या गावांतील आगरी-कोळी समाजात तुळशीची माळ घालून मांस-मद्याचा त्याग करणाऱ्या वारकऱ्यांची परंपरा मोठी आहे. खारघरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये खुल्या झालेल्या इस्कॉनच्या मंदिरामागे जो संप्रदाय आहे, त्याच्या दीक्षितांना पाळाव्या लागणाऱ्या चार नियमांत नशावर्जनाचा नियम इतका कडक आहे की चहा-कॉफीही त्यात धरली जाते. शहरातील बौद्ध उपासक पंचशील ग्रहण करतात आणि त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. दुसरीकडे उरण तालुक्यातच, न्हावा शेवा बंदराच्या समोर, घारापुरीची शैव लेणी आहेत आणि ज्या शिवाच्या उपासनेत भांग हा नैवेद्य व प्रसाद समजला जातो तो शिवही याच परिसराचा आहे. एकच वनस्पती एका उंबरठ्यावर वर्ज्य, दुसऱ्यावर पूज्य आणि नेरूळच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या द्रव्यगुणशास्त्रात औषधी द्रव्य म्हणून गणलेली, असे हे चित्र आहे.

आयुर्वेदात या वनस्पतीचे रूढ नाव विजया. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिला ग्राही (मल बांधणारी), पाचक आणि अग्निवर्धक म्हटले आहे, मात्र त्याच दमात ती पित्त वाढवणारी आणि मोह व मद उत्पन्न करणारी असल्याचेही नोंदवले आहे. त्याआधीची शार्ङ्गधरसंहिता भांग आणि अफू यांना व्यवायी द्रव्यांची उदाहरणे म्हणून देते. व्यवायी म्हणजे जे पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरते असे. ग्रहणीवर सांगितलेल्या जातीफलादी चूर्णात जायफळ, लवंग, वेलची, दालचिनी, सुंठ, मिरी यांच्याबरोबर भांग येते आणि ती वापरण्यापूर्वी शोधन करावे लागते, म्हणजे पाने हिरवा रंग उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, तुपात परतून घ्यावी लागतात. कायद्यानेही हा भेद काही अंशी जपला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात राळ म्हणजे चरस आणि फुलोरा म्हणजे गांजा यांची व्याख्या आहे. फुलोऱ्यापासून सुटी असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांची भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आले. औषधांच्या नियमावलीतील विषारी द्रव्यांच्या यादीत भांग वत्सनाभ आणि धोतऱ्याशेजारी बसते आणि तिचा समावेश असलेले आयुर्वेदिक औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. योगायोग असा की ज्या १९८५ साली भारताने हा कायदा केला, त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गांजातील मुख्य मादक घटक, टीएचसी, कृत्रिमरीत्या तयार करून केमोथेरपीतील मळमळीसाठी मान्य केला.

या विषयावर लिहिणारे बरेच जण येथे एक सोपी वाट धरतात: वनस्पती पवित्र, म्हणून औषध निर्दोष. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील एका सूक्तात सोमाच्या आधिपत्याखालील वनस्पतींत भंगाचे नाव येते, एवढ्या आधारावर संपूर्ण चिकित्सेचे समर्थन उभे केले जाते. ते भंग म्हणजे आजची भांगच काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही ही गोष्ट मात्र सांगितली जात नाही. पावित्र्य आणि गुणकारिता यांची ही सरमिसळ नवी नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्या अहवालाला जोडलेले भांगेच्या धार्मिकतेविषयीचे टिपण मुंबईतच, जमीन महसूल, जकात आणि अफू या खात्यांचे कलेक्टर जेम्स कॅम्पबेल यांनी लिहिले होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक असलेल्या कॅम्पबेलना लोकश्रद्धेची जाण चांगली होती; भांगेच्या पानात रक्षक देवता राहते आणि तापात ती देवाचा कोप शमवते, ही समजूत त्यांनी आस्थेने नोंदवली. पण त्या टिपणात ताप उतरण्याचे श्रेय शांत झालेल्या देवाला जाते, वनस्पतीच्या रसाला नव्हे. म्हणजे श्रद्धेच्या ज्या दाखल्यावर आज औषधाचा पुरावा म्हणून भिस्त ठेवली जाते, त्याला स्वतःला औषधाविषयी फारसे काही म्हणायचेच नव्हते. उलट बाजूने, तुकारामांनी भांग-धुराला साधन म्हणवणाऱ्या ढोंगी साधूंची जी हजेरी घेतली आहे, तिचा रोख साधनेच्या नावावर चाललेल्या चैनीवर आहे. कळांनी तळमळणाऱ्या रोग्याला वैद्याने दिलेले चूर्ण त्या टीकेच्या कक्षेत ओढणे हा तुकारामांवरही अन्याय आहे.

वनस्पतीच्या गुणाचा विचार करायचा तर तो प्रयोगानेच करावा लागतो. १८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वात, पटकी इत्यादी रोगांत भांगेचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेथून हा मार्ग सुरू होतो. १९९० च्या सुमारास शरीरात गांजाच्या घटकांना प्रतिसाद देणारे ग्राहक, म्हणजे पेशींवरील संदेश घेणारे रेणू, ओळखले गेले आणि ते आतड्याच्या मज्जाजालातही असल्याचे दिसून आले; त्यांना चेतवले की आतड्याची गती मंदावते, म्हणजे जुन्या ग्रंथांनी ज्याला ग्राही गुण म्हटले त्याला एक शारीरिक आधार मिळतो. इस्रायलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्रोन्सच्या २१ रोग्यांपैकी ११ जणांना आठ आठवडे गांजा देण्यात आला. त्यांतील १० जणांची लक्षणे लक्षणीय कमी झाली, तर मादक घटक काढून टाकलेला गांजा मिळालेल्या १० जणांत ही संख्या ४ होती. परंतु पूर्ण उपशमाच्या बाबतीतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि त्याच संशोधकांच्या नंतरच्या अभ्यासात रोग्यांना बरे वाटले तरी दुर्बिणीतून दिसणारी आतड्याची सूज कमी झालेली आढळली नाही. दुःख कमी झाले, पण दुःखाचे कारण जागच्या जागी राहिले. धर्माच्या विचाराला हा निष्कर्ष अधिक अडचणीचा आहे, कारण त्यातून औषध आणि विस्मरण यांतील रेषा पुसट होते.

या रेषेचा सर्वात बारीक विचार, अनपेक्षितपणे, बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात सापडतो. विनयपिटकातील महावग्गाच्या औषधविषयक खंडकात पिलिंदवच्छ नावाच्या भिक्षूला वातविकार झाल्याची कथा आहे. वैद्यांनी तेलात मद्य घालून ते शिजवून देण्यास सांगितले आणि बुद्धांनी परवानगी दिली. पुढे काही भिक्षू त्यात जास्त मद्य घालून झिंगू लागले, तेव्हा मद्याचा रंग, वास आणि चव तेलात जाणवणार नाही इतकेच ते असावे अशी मर्यादा घातली गेली, आणि आधीच जास्त मद्य घालून ठेवलेले तेल टाकून न देता अंगाला चोळण्यासाठी वापरण्यास सांगितले गेले. त्याच कथेत हातापायांच्या वातासाठी सांगितलेल्या घामाच्या उपायांत भंगोदक येते; त्याचा अर्थ काहीजण भांगेचे पाणी असा लावतात. येथे पदार्थ निषिद्ध ठरवून थांबणे नाही आणि रोग आहे म्हणून मोकळीक देणेही नाही; औषधाने स्वतःचे मादक रूप रोग्याच्या इंद्रियांपुढे आणू नये, अशी ही अट आहे. पाचव्या शीलाच्या शब्दांतही पदार्थापेक्षा प्रमादावर, म्हणजे भान सुटून होणाऱ्या निष्काळजीपणावर, बोट ठेवलेले आहे.

वैदिक परंपरेने हाच प्रश्न आपद्धर्म या नावाने हाताळला. आपद्धर्म म्हणजे संकटाच्या काळापुरता मान्य केलेला, एरवी निषिद्ध असलेला आचार. छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायण दुष्काळात माहुताचे उष्टे कुळीथ मागून खातो. माहूत पाणीही देऊ करतो तेव्हा मात्र नकार देतो, कारण कुळीथ न खाल्ले तर जीव गेला असता, पाणी तर त्याला कोठेही मिळणार होते. या कथेवर ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात विचार आहे: प्राण जाण्याची वेळ आली तरच सर्वान्नाला अनुमती, आणि त्या अनुमतीचा अर्थ कामकार, म्हणजे मनाला येईल तसे वागणे, असा घ्यायचा नाही. हा युक्तिवाद एका दिवसाच्या दुष्काळाला चोख बसतो. पण क्रोन्सचा दुष्काळ संपत नाही. तो दबतो, उफाळतो, पुन्हा दबतो, आणि रोगी विशीत आजारी पडला तर पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपत्तीतच काढतो. आपद्धर्माची संपूर्ण रचना संकट ओसरेल या गृहीतावर उभी आहे. ते ओसरणारच नसेल तर अपवाद हाच नियम होतो आणि व्रत कागदावर उरते. दीर्घकालीन व्याधी ही धर्मशास्त्राने नीट न पाहिलेली आपत्ती आहे, असे येथे म्हणावे लागते. भांगेविषयीच्या वादात तिच्या पावित्र्यावर आणि निषेधावर इतकी शक्ती खर्च होते की ही खरी अडचण दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटते.

उषस्तीच्या कथेतच, मात्र, एक दुर्लक्षित तपशील आहे. त्याने उरलेले कुळीथ बायकोला नेऊन दिले; तिने ते न खाता जपून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेच शिळे, उष्टे कुळीथ पुन्हा खाल्ले, कारण राजाच्या यज्ञात जाऊन काम मिळवण्याइतके त्राण अंगात हवे होते. दुसऱ्या दिवशीची अनुमती पहिल्या दिवसातून आपोआप पुढे आलेली नाही. उपाशी राहिले तर काय होईल आणि खाल्ले तर काय साधेल, हा हिशेब त्या सकाळी नव्याने केला गेला. दीर्घ व्याधीतील रोग्याला एकदाच मिळालेली कायमची मुभा देण्यापेक्षा ही वारंवार तपासली जाणारी मुभा अधिक सुसंगत आहे. यामागे वैद्यकीय कारणही आहे. गांजाचे दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात सेवन करणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा तीव्र उलट्या आणि पोटदुखीचे झटके येतात, गरम पाण्याच्या आंघोळीने त्यांना तात्पुरता आराम वाटतो आणि सेवन थांबवल्यावरच हे झटके जातात. २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या विकाराचे तपशीलवार वर्णन केले. ज्या पोटासाठी औषध सुरू झाले तेच पोट औषधाने बिघडवले आणि रोग्याने ते आपल्या मूळ रोगाच्या खात्यावर टाकून मात्रा वाढवली, असे घडू शकते. व्यवहारात हे तपासणे म्हणजे जुलाब खरोखर कमी झाले का, वजन वाढले का, मात्रा वाढत गेली का, आणि उपशमाच्या काळातही चूर्ण हवेसे वाटू लागले का, असे साधे प्रश्न ठरावीक काळाने स्वतःला आणि वैद्याला विचारणे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले की कामकाराची सुरुवात झालेली असते, मग डबीवर कोणत्याही ग्रंथाचे नाव असो.

व्रताच्या दृष्टीने सर्वात मोठा धोका बहुधा चूर्णापेक्षा ते लपवण्यात आहे. आयुर्वेदाच्या पदवीधराने लिहून दिलेली विजया आणि पोटविकारतज्ज्ञाने लिहून दिलेली आधुनिक औषधे एकाच रोग्याच्या घरात नांदतात, आणि बदनामीच्या भीतीने पहिलीची वार्ता दुसऱ्याला कळू दिली जात नाही. माळकऱ्याला किंवा दीक्षिताला हा संकोच दुप्पट असतो, कारण त्याला संप्रदायातील माणसांचीही भीती असते. पंचशीलात असत्यापासून दूर राहण्याचे चौथे शील मादक द्रव्यांच्या पाचव्या शीलाच्या आधी येते आणि योगसूत्रांतील यमांमध्येही सत्याचे स्थान अहिंसेच्या पाठोपाठ आहे. लपवाछपवीचा परिणाम केवळ नैतिक नाही: या वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हा घटक यकृतात औषधे मोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, अडवतो आणि त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणाम वाढू शकतो, क्रोन्सच्या रोग्यांवर तर आयुष्यात केव्हा ना केव्हा आतड्याची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता मोठी असते आणि गांजाचे नियमित सेवन करणाऱ्याला भुलीचे औषध जास्त लागू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतो तेव्हा जातीफलादी चूर्णाचे नाव ठळकपणे सांगणे हे त्या क्षणी रोग्याचे पहिले कर्तव्य असते, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली तरी आणि नसली तरी.