सलाईन, सोनोग्राफी आणि पिशवी

ज्या तपासणीमुळे किंवा उपचारामुळे रुग्णाचे आयुष्य वाढत नाही, त्रास कमी होत नाही आणि पुढचा निर्णयही बदलत नाही, ती तपासणी किंवा तो उपचार अनावश्यक. तीन कसोट्यांपैकी तिसरी बहुधा विसरली जाते. निकाल काहीही आला तरी औषध तेच द्यायचे असेल, तर रक्त काढायचे कशाला, हा प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. अनावश्यक उपचार हा श्रीमंतांचा, शहरी, मोठ्या इस्पितळांचा प्रश्न आहे असा एक समज आहे. ग्रामीण महाराष्ट्र पाहिला की तो टिकत नाही. ज्यांना गरजेचे उपचार मिळत नाहीत, त्यांच्याच वाट्याला गरज नसलेलेही येतात.

सलाईनचेच घ्या. ताप, अंगदुखी, अशक्तपणा घेऊन आलेला माणूस स्वतःच म्हणतो, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण १०० कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद असते. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपत असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, त्याला मात्र तिच्यातून सुई आणि बिल याखेरीज फारसे काही मिळत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून शेकडो रुग्ण वाचवले. त्याला अर्धशतक उलटले, तरी बाटलीचा मान कमी झालेला नाही.

सलाईनच्या जोडीला विडाल तपासणी येते. १८९६ पासून वापरात असलेली ही तपासणी टायफॉइडचे जंतू शोधत नाही. त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. जिथे टायफॉइड नेहमीचा आहे, तिथे ती जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही रक्तात सापडतात. एकाच नमुन्यावरून निदान करणे त्यामुळे बेभरवशाचे. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करणे हा खरा मार्ग, पण त्याचा निकाल यायला दिवस लागतात. विडाल लगेच ‘निघतो’, आणि एकदा ‘टायफॉइड निघाला’ की प्रतिजैविकांचा कोर्स ठरलेलाच.

बहुतेक विषाणूजन्य ताप चार-सहा दिवसांत आपसूक उतरतात. शनिशिंगणापूरला तेल वाहिले काय किंवा न वाहिले काय, साडेसाती साडेसात वर्षांनी सरतेच. श्रेय मात्र शेवटच्या उपायाच्या पदरात पडते. तापाचे आणि बाटलीचे गणित याहून वेगळे नाही.

एवढ्यावर नुकसान थांबते तेव्हा ते चारशे-पाचशे रुपयांचे असते. ते कुठवर जाऊ शकते हे शिंगणापूर ज्यात येते त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. शिंगणापूरला लागून असलेल्या सोनईसह नगरच्या अनेक साखर कारखान्यांच्या फडात बीडच्या आणि खुद्द नगरच्या पाथर्डी, शेवगाव भागातल्या टोळ्या ऊस तोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, फडात संडास नाही, पाणी जेमतेम. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन बाई खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘गाठ आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’, यांपैकी एखादे वाक्य कानावर पडते आणि पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण आले. त्यांतल्या १३,८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सुमारे सहांतली एक. पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

संसर्गाच्या बहुतेक तक्रारी औषधगोळ्यांनी आटोक्यात येतात, आणि पाळीच्या त्रासात शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला ते परवडणारे नाही. या गोष्टीचा अर्थ ‘डॉक्टर लुटारू’ एवढाच लावणे मात्र अपुरे आहे. खाड्याच्या हिशोबात पाळी हाच अडथळा ठरतो, तेव्हा शस्त्रक्रियेची मागणी बाईच्या, कधी नवऱ्याच्या तोंडूनही येते. तरी कॅन्सरची भीती घालणाऱ्याची जबाबदारी त्याने तसूभरही कमी होत नाही.

पैशाचा वाटा उघडच आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवले. तरीही २०१३ मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेला ‘कट’ कागदावर दिसला. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. कायदा काही झाला नाही. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून या व्यवहाराचे आतले चित्र मांडले, ते वाचण्यासारखे आहे. प्रामाणिक डॉक्टरची कोंडी त्यात दिसते: कट न देणाऱ्याकडे रुग्ण पाठवले जात नाहीत.

पैसा बाजूला ठेवला तरी तपासणीचा स्वतःचा एक धोका उरतो: शोधले की सापडते. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासणी मोहिमांबरोबर थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि ते जन्मभर गोळ्यांवर आले. पाठदुखीच्या एमआरआयचे तसेच. पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही शंभरांतल्या सदतीस जणांच्या मणक्यांतली चकती झिजलेली दिसते, ऐंशीच्या घरात तर जवळजवळ सगळ्यांची. अशा अहवालावर ‘गॅप’ लिहून आला की माणूस वाकायला भितो.

वैद्यकाच्या आतूनही उत्तर शोधले जात आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये ‘चूझिंग वाइजली’ ही मोहीम सुरू झाली: प्रत्येक शाखेच्या डॉक्टरांनी आपल्याच शाखेतल्या टाळण्याजोग्या गोष्टींची यादी करायची. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. सी. एस. प्रमेश आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कॅन्सर उपचारांसाठी अशा दहा गोष्टी नेमक्या केल्या. लक्षणे नसताना केवळ खात्रीसाठी वारंवार तपासण्या करत राहणे त्यात आहे. याद्या उपयोगी आहेत, पण त्या डॉक्टरसाठी असतात. पहिल्या वेदनेच्या वेळी डॉक्टर समोर नसतो.

त्या पहिल्या पायरीवर काय करता येते, हे नगर जिल्ह्यानेच दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९६० च्या दशकात शिंगणापूरच्याच नेवासे तालुक्यात, वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले. इथे येणारे बहुतेक आजार गावातच टळू शकले असते, हा अनुभव घेऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडला प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. कोणता ताप थांबून पाहायचा, जुलाबात काय पाजायचे, कोणत्या बाळंतिणीला ताबडतोब हलवायचे, हे त्या शिकल्या. प्रकल्पाच्या गावांतले बालमृत्यू १९७१ मध्ये दर हजारी १७६ होते. १९९० च्या दशकाअखेर ते तिशीच्या आत आले. ‘याला सुई नको’ असे ओळखीच्या, विश्वासातल्या बाईने सांगितलेले लोक ऐकत.

बीडमध्ये आता पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. ही बंधने शस्त्रक्रियेच्या दारात येतात; तोवर सोनोग्राफी आणि भीती दोन्ही होऊन गेलेली असतात. त्याआधीच्या पायरीवर आशा कार्यकर्ती आहे, पण ती गावाला नेमलेली असते. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर गेली की आशा गावात राहते आणि बाई गुढीपाडव्यापर्यंत फडात असते. तिथे दुखू लागले तर जवळ असतो तो मुकादम, आणि रस्त्यावरचा खासगी दवाखाना.