दैव पाचवे

सोनगीरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर पावसात गाडी घसरली की ‘नशीब’ म्हणून विषय मिटवला जातो. मला हे धर्माला धरून वाटत नाही. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. साधन आणि प्रयत्न त्यांत आहेत, दैव पाचवे. आधी साधन पाहू: रिकाम्या पिकअपचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांची. मागे वजन नसल्याने ओल्या डांबरावर तीच चाके आधी पकड सोडतात. दिमाखासाठी बसवलेला रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. नक्षीची खोली झिजून १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर कायद्यालाही तो टायर चालत नाही. चांगले टायर असूनही अपघात होतात, हे खरे. पण त्यातून पाचवे कारण सिद्ध होते, उरलेली चार रद्द होत नाहीत. खंडेनवमीला चाकांची पूजा जरूर करावी, त्याच वेळी नक्षीही तपासावी. समोरून सायकलवर येणाऱ्याने आपल्या गाडीचे टायर निवडलेले नसतात.