शीर्षकात हरित, सिंकमध्ये हेक्झेन

अशी समोर उभी राहा. कुंभकोणमात आपण दोघी घरी मराठी बोलतो, म्हणून प्रयोगशाळेत माझा आवाज मवाळ होईल या भ्रमात राहू नकोस.

प्रबंधातले हे प्रकरण तू लिहिलेस? पानोपानी ‘हरित’! बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया, द्रावक इथेनॉल, उत्प्रेरक म्हणून सिलिकाचे कवच चढवून वर सल्फोनिक आम्ल बसवलेले मॅग्नेटाइटचे नॅनोकण. पण इथेनॉल निवडण्यात तुझे कर्तृत्व काय? बिजिनेलीने 1893 साली हीच अभिक्रिया इथेनॉलमध्येच केली होती, जोडीला जरासे आम्ल. नवे काही असेलच तर ते त्या काळ्या भुकटीत आहे आणि नेमके तिच्याबद्दलच तू हात आखडलास.

पण आधी सांग, शुद्धीकरणाला कॉलम कशाला लावलास? या अभिक्रियेत मुळात वाया काही जातच नाही. तिन्हींचा मिळून 296 रेणुभार आत घातला की 260 हाती येतो, उरलेले निव्वळ पाणी. एका मिलिमोलवर तुला मिळाले 234 मिलिग्रॅम. ते शुद्ध करायला ओतलेस 150 मिलिलिटर हेक्झेन, म्हणजे सुमारे 98 ग्रॅम. चारशे पटींहून जास्त, तेही सिलिका जेल आणि इथाइल ॲसिटेट न धरता! रसायनशास्त्रज्ञ शेल्डनने 1992 साली एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा हा हिशेब मांडला, तेव्हा ज्यांना नावे ठेवली गेली त्या औषधकारखान्यांचा आकडा 25 ते 100च्या आसपास होता. तू त्यांनाही मागे टाकलेस. शिवाय हेक्झेनने हातापायांच्या नसा बधिर होतात, हे बाटलीवर लिहिलेले असते. वाचायचे कष्ट कोण घेणार? तुझा पदार्थ तर गरम इथेनॉल थंड होताना आपोआप स्फटिक होऊन खाली बसतो. तुला धीर नव्हता, एवढेच.

आता उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरल्याचा तो तक्ता. पाच फेऱ्या, यील्ड 94, 93, 93, 92, 91. प्रत्येक वेळी चार तास. अगं, तासाभरात संपणारी अभिक्रिया चार तास शिजवलीस, तर निम्मा उत्प्रेरक मेला तरी आकडा 90च्या वरच दिसेल! विसाव्या मिनिटाला थांबवून मोजलेस का? अर्ध्यावर, गरम असतानाच, चुंबक लावून कण बाजूला काढलेस आणि उरलेला द्रव तसाच तापवत ठेवलास का? त्यात अभिक्रिया पुढे चालू राहिली, तर आम्ल कणांवरून सुटून द्रवात उतरले आहे. मग तुझे चुंबक फक्त गंजाचे चूर्ण ओढते आहे. आणि उत्प्रेरक अजिबात न घालता केलेला प्रयोग कुठे आहे?

स्वामिमलै इथून हाकेच्या अंतरावर. तिथला धातूच्या मूर्ती ओतणारा स्थपती मेणाची मूर्ती तोलल्याशिवाय धातू वितळवायला घेत नाही. मेणाच्या वजनावरूनच धातू किती लागेल ते ठरते. तुझ्या वहीत फेरीनंतर उत्प्रेरकाचे वजन एकदाही नाही. 50 मिलिग्रॅम घातलेस, पाचव्या फेरीला किती उरले? ‘सहज वेगळे झाले’ म्हणे! सहज म्हणजे किती मिलिग्रॅम?

उद्यापासून कॉलम बंद. पहिला प्रयोग उत्प्रेरकाविना, दुसरा आम्ल न बसवलेल्या कणांवर, मग बाकीचे. दर फेरीला धुऊन, वाळवून वजन. वहीत पेनाने, खाडाखोड न करता. धुण्यासाठी वापरलेले द्रावक मोजून वेगळ्या बाटलीत. सिंकमध्ये ओतताना पुन्हा दिसलीस, तर या प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. जा.