लायकाने काय दिले?

जबलपूरच्या ओमती भागात रात्री दुकाने मिटली की नाल्याच्या कडेने भटकी कुत्री जमतात. थंडीच्या दिवसांत विझलेल्या शेकोटीच्या उबदार राखेत अंग मुडपून निजतात. त्यांना पाहताना मला लायका आठवते. तीही मॉस्कोच्या रस्त्यावरचीच. थंडी आणि उपासमार सोसून जगलेले भटके जनावर अंतराळातले हालही सोसेल, असा सोविएत शास्त्रज्ञांचा हिशेब होता. कुणाच्याही आधारावाचून जगून दाखवणे, हीच तिची मरणासाठीची पात्रता ठरली.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून तिला पाठवले, तेव्हा यान परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही दिवस जगली आणि शांतपणे मेली, असा समज पुढे वर्षानुवर्षे राहिला. प्रत्यक्षात अतिउष्णतेने काही तासांतच तिचा अंत झाला होता, हे २००२ मध्ये उघड झाले. २००८ मध्ये मॉस्कोत तिचे स्मारक उभे राहिले.

स्मारकाविषयी माझी तक्रार नाही. त्याच्याभोवती वावरणाऱ्या शब्दाविषयी आहे. लायकाने बलिदान केले, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः बलिदान करणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे लागते, आणि नाही म्हणण्याची मुभाही असावी लागते. मराठीत बळी 'जातो' आणि बळी 'दिला जातो'. दुसऱ्या प्रयोगामागे देणारा कुणी असतोच. लायकाला हुतात्मा ठरवले की हा देणारा वाक्यातून अलगद निघून जातो. तिच्या मोहिमेत सहभागी असलेले ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये खंत व्यक्त केली, की तिच्या मृत्यूचे समर्थन व्हावे इतके आम्ही त्या मोहिमेतून शिकलो नाही. चाळीस वर्षांनी का होईना, 'आम्ही' हा कर्ता वाक्यात परतला.

हे परक्यांचे पाप म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. नर्मदेच्या परिसरात दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, उत्तर भारतातून हजारोंच्या संख्येने परदेशी प्रयोगशाळांकडे रवाना होत असे. याच जातीचा अल्बर्ट दुसरा १४ जून १९४९ रोजी व्ही-२ अग्निबाणातून सुमारे १३४ किलोमीटर उंचीवर पोहोचला आणि परतताना पॅराशूटने दगा दिल्यामुळे मेला. एबल ही माकडीण २८ मे १९५९ च्या उड्डाणातून जिवंत परतली. चारच दिवसांनी, शरीरातील इलेक्ट्रोड काढताना दिलेल्या भुलीने गेली. ती अमेरिकेतच जन्मलेली होती, हे खरे. पण जन्मस्थानाच्या दाखल्याने असले प्रश्न सुटत नसतात.

माकडे केवळ वैद्यकीय संशोधन व लसनिर्मितीसाठी वापरावीत, अशी हमी भारताने १९५५ मध्ये घेतली होती. ती लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जातात हे कळल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७७ मध्ये निर्यातबंदीचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. तथापि आपला रोष अट मोडल्याचा होता. ज्याचे शरीर तो करार न पाहताच कामी येणार होते, ते माकड द्यायला आपले होते काय, हे त्या अटीत कुठे विचारलेले नव्हते.

गगनयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने जनावराऐवजी 'व्योममित्र' ही यंत्रमानवी तयार केली, २०२० मध्ये ती बंगळुरूत दाखवली, याचे समाधान वाटते. ते निर्भेळ मात्र नाही. जिवंत शरीर वजनरहित अवस्थेत तग धरू शकते, हे आधीच कुणाकडून तरी वदवून घेतलेले होते.

आणि मी स्वतः? लहानपणी पोलिओची लस मलाही मिळाली. ती माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवली जाई. त्यामुळे या विषयावर बोलताना माझा आवाज फार चढत नाही. परवा भेडाघाटला एका माकडाने हातातली चण्यांची पुडी हिसकावली. बरोबरच्या मंडळींनी काठी उगारली. मी त्यांना थांबवले, पण कारण विचारले तेव्हा काही सांगता आले नाही.