त्याज्याचें दान

जी वस्तु आपण एकदां टाकून दिली तिच्यावरील आपली मालकी संपते हें खरें. परंतु तिची जबाबदारीहि त्याच क्षणीं संपते काय? एका महानगराच्या सांडपाण्यावर दुसऱ्या जिल्ह्यांतील मळे पिकूं लागले, म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

कर्नाटकांतील कोलार जिल्ह्यास बारमाही नदी नाहीं. तेथील तलाव कोरडे पडत गेले, आणि टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्यानें विंधनविहिरी हजार-हजार फूट खोल नेल्या. शेजारचें बंगळूर मात्र सुमारें १०० किलोमीटरांवरून कावेरीचें पाणी उपसून आणतें, वापरतें आणि सोडून देतें. २०१८ सालीं कोरमंगल व चल्लघट्ट खोऱ्यांतील हें सांडपाणी शुद्धीकरणानंतर कोलारच्या तलावांत सोडण्यास आरंभ झाला. तें थेट पिकास न देतां भूमींत मुरूं द्यावें व विहिरींवाटें शेतांत यावें, अशी ही योजना. त्याच वर्षीं तलावांत फेस दिसला आणि वाद न्यायालयांत गेला.

या व्यवहाराविरुद्ध पहिला आक्षेप किळसेचा. किळस ही स्वाभाविक खरी, पण तिला नीतीचा पोषाख चढवूं नये. सृष्टींत न वापरलेलें असें पाणी नाहींच. आणि सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हें तर पिकांचें अन्नच होय.

तथापि, 'शास्त्रानें शुद्ध केलें, आतां प्रश्न उरला नाहीं,' हें उत्तरहि अपुरें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यासाठीं विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरांस १००० अशी सांगितली. २००६ सालीं एकाच आंकड्यावर न विसंबतां शुद्धीकरण, सिंचनाची रीत, भाजी धुणें असे अनेक अडथळे एकामागून एक उभारावे, असा सल्ला दिला. परंतु जंतु मारल्यानें कारखान्यांतून आलेले जड धातु नाहींसे होत नाहींत. दुसऱ्या पायरीच्या शुद्धीकरणावर भागवावें, कीं कोलारकरांच्या मागणीप्रमाणें तिसरीहि पायरी गांठावी, हा वाद खर्चाचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो कोणाचा धोका कोणीं पत्करावा याचा आहे. शेतकऱ्यानें तें पाणी स्वखुषीनें घेतलें, असें म्हणणें सोपें. पण ज्याची विहीर आटली आहे त्याच्या संमतीला स्वातंत्र्य किती?

आपल्या समाजानें शतकानुशतकें घाण करणारास शुद्ध आणि ती काढणारास अस्पृश्य मानलें. घाण दृष्टीआड केली कीं आपण निर्मळ झालों, ही समजूत त्याच परंपरेंतली. नळ आणि यंत्रें आलीं म्हणून ती आपोआप जात नाहीं. शहर आपली अडचण दूर लोटून तिला दान म्हणूं लागलें, तर जुनाच अन्याय नव्या वेषांत उभा राहतो.

म्हणून शुद्धता हा केवळ पाण्याचा गुण नव्हे, तो व्यवहाराचाहि गुण आहे. पाणी देणारानें तें नित्य तपासावें, तपासणीचे आंकडे घेणाराच्या हातीं त्याच्या भाषेंत द्यावे, आणि हानि झाल्यास भरपाई करावी. तरच तें दान नांवाला पात्र होईल. कोलारचे टोमॅटो बंगळूरच्या बाजारींहि येतात, तेव्हां स्वतःच्या ताटासाठीं तरी शहरानें दक्ष राहावें, असें कोणी म्हणेल. युक्तिवाद व्यवहार्य आहे, पण नीतीचा नव्हे. त्यांतील एकहि फळ परत आलें नसतें, तरी हें कर्तव्य तसूभरहि उणें झालें नसतें.