वाळूवरची चाके आणि लहान चोऱ्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांचे शिबिर आटोपल्यावर एक तरुण माझ्याजवळ थांबला. मित्रांसह तो जीप घेऊन समुद्राच्या वाळूत गेला होता आणि त्याबद्दल मी त्याला दोन शब्द सुनावले होते. तो शांतपणे म्हणाला, "फादर, किनारा सरकारचा, म्हणजे कोणाचाच नाही. गाडी माझी, पेट्रोल माझे. भरती आली की खुणाही पुसून जातात. मग कोणाचे काय गेले?"

मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. कारण काही वर्षांपूर्वी एका सहलीत मी स्वतः अशाच जीपमध्ये पुढच्या आसनावर बसलो होतो.

भरती पुसते त्या खुणा ओल्या वाळूवरच्या. तिथवर पोहोचण्यासाठी मात्र चाकांना वरची कोरडी वाळू तुडवावी लागते. तेथे मर्यादवेल पसरलेली असते. आपल्या पूर्वजांनी किती अचूक नाव दिले! तिची मुळे वाळू धरून ठेवतात. वेल फाटली की वारा ती वाळू उधळून लावतो. कोकणच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी याच कोरड्या पट्ट्यात सुमारे शंभर अंडी पुरून जाते. पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात, तेव्हा चाकाने पाडलेली चाकोरी त्यांच्यापुढे भिंतीसारखी उभी राहते. तिच्यातूनच ती भटकत राहतात आणि मग ऊन चढते, कावळे येतात.

हा वाद अमेरिकेत फार पूर्वीच ऐरणीवर आला. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की, सार्वजनिक भूमीवर अशी वाहने कोठे चालावीत व कोठे नाही हे संबंधित खात्यांनी ठरवावे आणि माती, वनस्पती व वन्यजीव यांची हानी कमीत कमी ठेवावी. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील केप हॅटरास हा राष्ट्रीय सागरकिनारा. तेथे गळाने मासे धरणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळूवरून गाडी नेत आले होते. त्याच वाळूत आपल्या टिटवीच्या कुळातील एक इवलासा पक्षी उथळ खळगा करून चारेक अंडी घालतो; पिल्ले वाळूच्याच रंगाची, जवळ जाऊनही न दिसणारी. पंचतंत्रातील टिटवीची अंडी समुद्राने नेली होती. येथे ती चाकांखाली जाण्याचा धोका होता. पक्षिप्रेमी २००७ साली न्यायालयात गेले आणि कायमचा नियम लागू झाला तो २०१२ च्या फेब्रुवारीत. आदेशापासून नियमापर्यंत चाळीस वर्षे! आता तेथे परवाना लागतो, ताशी पंधरा मैलांची वेगमर्यादा आहे आणि विणीच्या काळात काही भाग बंद असतो.

तेथील रहिवासी यावर संतापले. मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांवर त्यांची चूल पेटते, आणि दूरच्या टोकापर्यंत चालत जाणे वृद्धांना शक्य नसते. हे गाऱ्हाणे मला खोटे वाटत नाही. पक्ष्यांविषयी लिहिणारे पुष्कळ जण ते फार लवकर बाजूला सारतात.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना 'लहान चोऱ्या' हे प्रकरण आम्हांला गमतीचे वाटे. रोज थोडे थोडे चोरले आणि बेरीज कितीही मोठी झाली, तरी ते परत करण्याचे गंभीर बंधन नाही, असे मत काही जण मांडत. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ते धिक्कारले. परंतु तेथे चोर एकच असे. किनाऱ्यावर चोर हजारो, प्रत्येकाची चोरी एकदाच, आणि धनी म्हणजे आपण सर्व, शिवाय अजून जन्माला न आलेली लेकरे. बेरीज कोणाच्याच वहीत दिसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात कुलगुरू बार्थोलोम्यू यांचा दाखला देऊन सृष्टीच्या अशाच लहानसहान हानीबद्दल पश्चात्तापाची गरज सांगितली, ती मला या हिशेबाशी जुळणारी वाटते.

चोरीच्या पापाला परतफेड लागते. ती येथे कशी करणार? मोहावेच्या वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला. त्यांच्या खुणा आजही दिसतात. जे परत करता येत नाही, त्याबाबतचे कर्तव्य कृतीच्या आधी उभे राहते. म्हणून किनाऱ्याच्या वाटेवर लावलेला अडसर मला स्वातंत्र्यावरील घाला वाटत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत, पण त्यांच्यासह आईला धरू नये, असा नियम आहे. घरटे सापडलेला तो माणूस वाटेवर एकटा असेल, पाहणारा कोणी नसेल. नियम त्याच्यासाठीही आहे.

त्या तरुणाला मी हे सारे सांगितले, माझ्या जीपसह. तो म्हणाला, "मग आमच्या आजीने समुद्र पाहायचाच नाही?" त्या दिवशी जीपमध्ये तीही होती, हे मला ठाऊक नव्हते.

यंदाच्या सहलीत गाड्या सुरूच्या झाडांपाशीच थांबल्या. जेवणाचे टोप हातांहातांनी नेताना दोघातिघांनी कुरकुर केली. आजींची खुर्ची चौघा मुलांनी उचलली. मधे एकदा त्यांना ती वाळूत टेकवावी लागली, तेव्हा आजी त्यांच्यावर ओरडल्या.