शनिवारी बंद राहणारा घाणा

अलिबाग-रोह्याकडच्या गावांत तेलाला गेलेलं गिऱ्हाईक शनिवारी रिकाम्या हाती परत येई. घाणा बंद. एवढ्यावरून घाणा चालवणाऱ्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, नाव पडलं, शनिवार तेली. त्यांच्यापाशी तोरा हा धर्मग्रंथ नव्हता, सिनेगॉग नव्हतं, रब्बी नव्हता. नौगावच्या किनाऱ्यालगत गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या, असं परंपरा सांगते. शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवल्यांचीच मासळी आणि प्रत्येक प्रसंगी म्हटली जाणारी ‘शेमा’ ही प्रार्थना एवढं मात्र घरात टिकलं. आपण यहुदी आहोत का, हा प्रश्न त्यांना पडत नव्हता. वडीलधारे करत आले तसं करत राहायचं.

बाहेरून आलेले यहुदी शिक्षक दाविद राहाबी यांची आख्यायिका मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. या लोकांची पारख करायला त्यांनी बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि बायकांनी खवले-पर असलेली तेवढी निवडून घेतली. घडलं असेल, नसेल. पण ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्यांच्या लेखी धर्माची साक्ष बायकांच्या हातात होती, हे तर खरं.

मग ग्रंथ आले. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनचे यहुदी प्रार्थना शिकवायला आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू धर्मांतराचा, पण बेने इस्राएलांनी भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत, सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत दिसतात. अब्राहाम-मोशेची आख्यानं मराठी कीर्तनातून रंगू लागली.

ग्रंथाबरोबर तुलनाही आली. विधवेचं लग्न न लावणं, गोमांस वर्ज्य मानणं हे आपलं की शेजाऱ्यांचं, असे प्रश्न पडू लागले. कोणाचं रक्त शुद्ध, हा सवाल मात्र बाहेरून यावा लागला नाही. मिश्र विवाहाच्या संततीला ‘काळे’ म्हणून ‘गोरे’ त्यांच्याशी सोयरीक करत नसत. समाजाच्या या बाजूकडे डोळेझाक करून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही, कारण पुढे हाच मापदंड साऱ्या समाजाला लावला गेला.

समाजातले बरेच जण इस्रायलला जाऊन स्थायिक झाले. तिथल्या रब्बी-मंडळानं १९६२ मध्ये फर्मान काढलं: बेने इस्राएल वधू-वरांची आईकडून वर जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. कोकणातल्या खेड्यातली पणजी यहुदी होती, याचा कागद कोण आणणार? लोक रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं त्यांना सर्वार्थानं यहुदी मानलं आणि रब्बी-मंडळाच्या फर्मानातून समाजाचं नाव गळालं. शतकानुशतकं जे आचरणानं सिद्ध होत होतं, त्यासाठी आता वंशावळ मागितली गेली. हा अन्याय होता, असंच मी म्हणेन.

दरम्यान मलिद्याचा विधी चालूच होता. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची; ताटाभोवती फळं, सोबत सब्जाची डहाळी. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं म्हणायचं, एकेका पदार्थावर आशीर्वाद म्हणून तो खायचा. लग्नाआधी, बाळ झाल्यावर, नवस फिटल्यावर हा विधी होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. बाकीच्या यहुदी जगात या रूपातला मलिदा नाही. परकी म्हणून ही रीत टाकून देणं सोपं होतं. तसं झालं नाही. लोद, दिमोना, अश्दोद इथे स्थिरावलेल्या घरांत ती गेली आणि आज मराठी फारशी न येणारी पिढी आपलं बेने इस्राएल असणं मलिद्यावरूनच सांगते.